चावी माणगावला, वही कपाटात

वादळ आलं त्या दिवशी गावाची वही ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात होती आणि कपाटाची चावी माणगावला, माझ्या पँटच्या खिशात. चूक एवढीच. एका वाक्यात मावते. ती कबूल करायला मात्र मला पाच वर्षं लागली.

या अंकाच्या संपादकांनी मला ग्रामसेवकाच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहायला सांगितलं होतं. गमती आहेत. शेजारणीचा कोंबडा भलत्या वेळी आरवतो म्हणून एका बाईंना ग्रामपंचायतीचा ठराव हवा होता, आणि नोटीस कोंबड्याच्या नावे काढायची की मालकिणीच्या, यावर आमची अर्धी मासिक सभा खर्ची पडली होती. असल्या आठ-दहा गोष्टी मी लिहूनही काढल्या. मग वाचून पाहिल्या. प्रत्येक गोष्टीत खरं तर दामू होता, आणि प्रत्येक गोष्टीतून मी त्याला काढून टाकलं होतं. ते कागद फाडले आणि हे लिहायला बसलो.

गावाचं नाव लिहीत नाही. बोर्ली पंचतनहून समुद्राच्या बाजूला उतरलं की लागतं, एवढं पुरे. वर डोंगराच्या अंगावर एक वाडी, मध्ये दुकानांची आळी, आणि खाली समुद्राला लागून नारळी-पोफळीच्या आगरांत विखुरलेली घरं. तिथे मी आठ वर्षं ग्रामसेवक होतो. कुटुंब मुलींच्या शाळेसाठी माणगावला. नियमाप्रमाणे मी गावातच राहायला हवं होतं. मी आठवड्यातले चार दिवस राहायचो आणि पाच दिवस राहतो असं लिहायचो.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. ग्रामसेवक म्हणजे गावाचा कारकून, वसुली करणारा, जन्ममृत्यू नोंदवणारा आणि ग्रामसभेचा सचिव. सगळं गाव त्याला 'भाऊसाहेब' म्हणतं आणि माघारी आणखी काही म्हणतं. त्याची खरी सत्ता एकच : सभेचं इतिवृत्त तो लिहितो. सभेत कोणी टेबल बडवो, कोणी रडो, वहीत जे उतरेल तेवढंच घडलं. बाकीचं घडलंच नाही.

याशिवाय दरवर्षी मे महिन्यात एक काम असतं, गावाचा आपत्ती आराखडा. पूर आला, दरड आली, वादळ आलं तर कोणी काय करायचं, कोणाला फोन करायचा, लोकांना कुठे हलवायचं, हे सगळं त्यात. बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा काढून वरचं साल बदलून पाठवतात. मी हजर झालो तेव्हा आमच्या आराखड्यात बचाव पथकाचे प्रमुख म्हणून ज्यांचं नाव होतं त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, भाऊसाहेब. आता तरी निवांत पडू द्या त्यांना."

मी तसला ग्रामसेवक नव्हतो. हे अभिमानाने सांगतो, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं नाही. मला संगणक चांगला येत होता. मी गावाचा रंगीत नकाशा केला. प्रत्येक घराला क्रमांक, प्रत्येक रस्त्याला बाण. मोठे फलक छापून प्लास्टिकमध्ये बंद करून चार ठिकाणी लावले. कोपऱ्यात एक चौकोनी ठसा, त्यावर मोबाईल धरला की सगळी यादी उघडेल. ज्या गावात निम्म्या घरांना मोबाईलची रेंज नाही आणि पाऊस लागला की उरलेल्यांचीही जाते, तिथे तो ठसा कोण उघडणार, हे मला कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. फलक दिसायला सुरेख होते.

आता दामू.

दामोदर हा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. टाकीपासून खाली तेरा ठिकाणी वॉल्व्ह, प्रत्येक आळीची वेळ वेगळी. कमरेएवढी लांब, इंग्रजी टी अक्षरासारखी लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो पहाटेपासून चालत असायचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी त्याला पहिल्या दिवसापासून 'अरे दामू' म्हणत आलो. पाणी सोडणाऱ्याला गावातलं जे कळतं ते पोलिसालाही कळत नाही. कोणाच्या नळाला पाणी जास्त गेलं म्हणजे पाहुणे आलेत. कोणाचा हंडा दोन दिवस ओट्यावर आला नाही म्हणजे माणूस आजारी आहे.

मी गेलो त्याच वर्षी पावसात लाईट आणि फोन दोन्ही बंद असताना वरच्या वाडीत एकाला साप चावला. लोकांनी त्याला झोळीत घालून नेहमीच्या वाटेने खाली आणला, तर ओढ्यावरचा साकव आदल्या दिवशीच वाहून गेलेला. परत फिरून दुसऱ्या वाटेने यायला तीन तास गेले. माणूस वाचला, नशीब त्याचं. साकव गेल्याचं दामूला माहीत होतं. पण दामू तेव्हा खाली टोकाच्या वॉल्व्हवर होता.

"मला ठावं असून काय उपेग?" तो मला म्हणाला होता. "मी तिथं न्हवतो. माज्या डोक्यातलं माज्यासंगंच फिरतंय."

त्या आठवड्यात त्याने दोनशे पानी वही घेतली.

वही मी शंभरदा चाळली आहे, म्हणून सांगू शकतो. सगळी पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई भिजली की पसरते आणि पेन्सिल पसरत नाही. अक्षर मोठं, कंदिलाच्या उजेडात वाचता येईल असं. घरांना माझे क्रमांक नाहीत, गाव म्हणतं ती नावं. वाट सांगताना डावं-उजवं नाही. 'दर्याकडे पाठ करून' किंवा 'डोंगर समोर धरून'. आणि मजकूर असा : 'गोड्या विहिरी पाच. चारांवर मोटार, लाईट गेली की पाणी न्हाय. राहाट फक्त खोतांच्या विहिरीवर. पोहरा आणि दोर तीन घरांत, नावं खाली.' मला हे वाचून धक्का बसला होता. अख्ख्या गावात विहिरी आहेत आणि पाणी ओढायला दोर तीन घरांत! माझ्या नकाशात पाच निळे ठिपके होते, बस्स.

पुढे : 'गल्ली झाडं पडून बंद झाली तर आगरांतून वर जायची वाट. पहिलं बेडं उचलून ठेवा, दुसऱ्याला खिळा हाय तो काढा, तिसऱ्या आगरात कुत्रा हाय, नाव मोती, हाक मारा.' बेडं म्हणजे आगराचं बांबूचं फाटक. कोणाकडे झाड कापायची करवत आहे, कोणाला टाके घालता येतात (गुरांचे घालणारा होता, पण आणीबाणीत चालेल असा शेरा), मधुमेहाचं इंजेक्शन फ्रीज बंद पडल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी कसं ठेवायचं, आणि शेवटी सगळ्यात मोठी यादी : कोण स्वतःहून उठू शकत नाही, कोण एकटं आहे, कोणत्या खोलीत झोपतं.

ती वही माझी असायला हवी होती. हे मी वाचता वाचताच म्हणालो, मनात. पदवीधर मी, प्रशिक्षणं घेतलेला मी, आणि हे सुचलं सातवी शिकलेल्या पाणीवाल्याला.

हेवा एकदम येत नाही. तो आधी न्यायासारखा वाटतो. दामू रस्त्याने गेला की ओट्याओट्यावरून हाका यायच्या, "दामू, च्या घेऊन जा." मी गेलो की माणसं उठून उभी राहायची. सुरुवातीला मला तो मान वाटायचा. पुढे पुढे मी मोजायला लागलो, त्याला किती हाका आणि मला किती नमस्कार. दामूने एकदा विहिरीत टाकायची पावडर हवी म्हणून बंद कार्यालयाच्या खिडकीतून आत उतरून गोणी काढली. पावसाळा होता, विहिरी गढुळलेल्या, मी माणगावला. परत आल्यावर मी त्याला लेखी नोटीस दिली. शिस्त म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं.

एकदा तालुक्याहून एक अधिकारी आले. रेशनच्या रांगेतल्या एका बाईला त्यांनी विचारलं, "मावशी, लाईट नाही, फोन नाही, पाणी चढतंय. काय कराल?"

"दामूला हाक मारू."

"दामू नसला तर?"

"त्याची वही हाय ना!"

त्या बाई बोलताना माझ्या फलकालाच टेकून उभ्या होत्या. साहेब हसले. मला म्हणाले, "तुमचा माणूस चांगला आहे हो." तुमचा माणूस! मी घरी गेलो आणि जेवताना पुन्हा तोच विषय काढला असणार, कारण बायको म्हणाली, "रोज घास तोंडात घातला की दामू. मला इतके दिवस वाटत होतं, तो तुमचा साहेब आहे."

तिसऱ्या वर्षी, मेच्या मध्यावर, दामू कार्यालयात आला. वही दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. वॉल्व्हची चावी दाराशी टेकवून आत येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, वही येकच हाय. ती भिजली, हरपली, की गाव आंधळं. मी म्हनतो, परत्येक घरात चिठ्ठी लावू. त्या त्या आळीपुरती. क्यालेंडरच्या पाठी."

"कॅलेंडरच्या पाठी का?"

"क्यालेंडर कोन फेकत न्हाय. पानी शिरलं तरी भिंतीवर उंच असतं. आनि रोज हात लागतो, म्हंजे हाय हे ध्यानात ऱ्हातं."

इतकी साधी गोष्ट. मला इतका राग आला की मी फाईल उघडून त्यात बघत राहिलो.

"आजारी माणसांची नावं घराघरांत लावायची? खाजगी माहिती असते ती."

"ज्याची त्याला इचारून लिवलीय. आंथरुनाला खिळलेली यशोदा तर म्हनली, मोठ्या अक्षरांत लिव, न्हायतर मी कोनाला दिसायची न्हाय."

"नियम असतात, दामू."

कोणता नियम, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मी त्याला वही दप्तरी जमा करायला सांगितली. आराखड्याला जोडायची आहे म्हणालो. त्याने वही टेबलावर ठेवली, पण हात लगेच काढला नाही.

"कपाटाची चावी हितंच ऱ्हानार ना?"

"कपाटाची चावी ग्रामसेवकाकडे असते."

वहीतलं बरंचसं मी आराखड्यात उतरवून घेतलं. नीटनेटकं, क्रमांक घालून. दामूचं नाव त्यात फक्त कर्मचाऱ्यांच्या यादीत होतं. तो आराखडा तालुक्याच्या बैठकीत नमुना म्हणून दाखवला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला आनंद झाला, आणि तो आनंद खोटाही नव्हता. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

आराखडा गेल्यावर चार-पाच दिवसांनी दामू पुन्हा दारात.

"जरा वही द्या. येक नाव घालायचंय."

मी कपाट उघडलं, वही दिली, आणि समोर बसवून लिहायला लावलं. त्याने पेन्सिलीला थुंकी लावली आणि खालच्या आळीच्या पानावर लिहिलं : 'मालतीबाई आल्यात. एकट्या. मागच्या खोलीत झोपतात. ऐकायला कमी.'

मालतीबाई म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. समुद्राकडच्या शेवटच्या आगरातलं घर त्यांचं. लेकीकडे पेणला राहायच्या. त्यांचं घर माझ्या आराखड्यात 'बंद' असं होतं.

"कधी आल्या?"

"परवा. नळ सुरू झाला. मला वाटलं तोटी गळतीय, म्हनून बघाया गेलो, तर बाई सुपाऱ्या सोलत बसलेल्या."

मी ते वाचलं. माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं, मी वाचलेलं. आराखडा बदलायचा तर तालुक्याला पुन्हा पाठवावा लागला असता, दामूने सांगितलं म्हणून. मी वही आत ठेवून कुलूप लावलं.

वादळाची सूचना आली तेव्हा सगळ्या ग्रामसेवकांना गाव न सोडण्याचा आदेश होता. मी सरपंचांना, नजीरभाईंना, म्हणालो, "माणगावच्या घरावरचे पत्रे सैल आहेत, बांधून येतो. सकाळी सातला इथे असेन." ते म्हणाले, "जा, पण या." सकाळी सातला मी म्हसळ्याच्या अलीकडे, रात्रीच्या वाऱ्याने आडव्या पडलेल्या झाडांसमोर उभा होतो; तिथूनच परत फिरलो. दुपारी वारा असा झाला की माणगावातही माणसं उभी राहू शकत नव्हती. त्यानंतर फोन नाही, रस्ता नाही. दोन दिवस मी खिशातली चावी चाचपत होतो. बायकोने विचारलं, काही हरवलंय का? मी म्हणालो, नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाडं तोडणाऱ्यांच्या मागे मागे, कोणाच्या तरी मोटारसायकलवर आणि मग पायी, गावाच्या वरच्या वळणावर पोचलो. तिथून कधी समुद्र दिसत नसे, माडांमुळे. त्या दिवशी सगळा दिसत होता.

ग्रामपंचायतीवर छप्पर नव्हतं. कपाट मात्र जागच्या जागी उभं, कुलूप शाबूत. दारात नजीरभाई हातोडा मांडीवर घेऊन बसलेले. डोळे तांबारलेले.

"आलात?" एवढंच.

"दामू कुठे आहे?"

"दवाखान्यात. वारा सुटल्यावर पहिल्या तासात. यशोदाबाईला शाळेत पोचवून परत खाली चालला होता. पत्रा उडत आला, खांद्यात घुसला. खाटेवर घालून नेला तेव्हा बेशुद्ध होता. पाणी ओढायचं कुठून ते लोकांना तोंडी ठाऊक होतं, भागवलं. बाकी जेवढं आठवलं तेवढं केलं." मग कपाटाकडे बोट करून म्हणाले, "उरलेलं यात आहे ना?"

"तोडायचं होतं कुलूप!"

नजीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "हातोडा घेऊन उभा होतो, भाऊसाहेब. माणसं म्हणाली, सरकारी कपाट आहे. खिडकीतून पावडर काढली तर दामूवर नोटीस निघाली, कपाट फोडलं तर काय निघेल?" हातोडा खाली ठेवून म्हणाले, "चूक माझीच. फोडायला हवं होतं."

नाही. त्यांची नव्हती. पण मी ते तेव्हा बोललो नाही.

कपाट उघडलं. वही कोरडी होती. आम्ही उभ्या उभ्या नावं वाचायला लागलो. हा आहे, ही शाळेत आहे, हा बहिणीकडे गेला. खालच्या आळीचं पान आलं. नजीरभाईंनी ओळ वाचली आणि म्हणाले, "मालतीबाई? त्या पेणला असतात ना? घर बंद म्हणून तिकडे कोणी गेलंच नाही."

मी पळत सुटलो होतो.

गल्ली बंद होती. पहिलं बेडं, दुसऱ्याचा खिळा, तिसऱ्या आगरात कुत्रं नव्हतं. घराची पुढची बाजू सपाट झालेली. मागच्या खोलीवर माळा खाली आला होता आणि माळ्याखाली, खाट आणि भिंत यांच्या बेचक्यात, बाई होत्या. जिवंत. पाय अडकलेला. पन्हळीतून ठिबकणारं पाणी पदराला टिपून चोखत त्यांनी तेवढे दिवस काढले होते.

"दोन रात्री झाल्या ना?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक, पण वर्गातला. "मी मोजत होते. दामू कुठे आहे? मला वाटलं होतं, तो येईल."

आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच हा सगळा लेख आहे. त्या क्षणी, बाईंच्या अंगावरचं लाकूड उचलताना, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती दया नव्हती. 'इथेही दामूच!' ही होती.

बाईंचा पाय वाचला, पण सरळ झाला नाही. त्या आता वॉकर घेऊन चालतात. दामूचा उजवा खांदा वर जात नाही. तो वॉल्व्ह डाव्या हाताने फिरवतो. मी अहवालात लिहिलं, 'संपर्क यंत्रणा ठप्प झाल्याने मदत पोहोचण्यास विलंब.' खोटं एकही अक्षर नाही. वरून पसंतीही आली. दवाखान्यात दामूला भेटलो तेव्हा त्याने विचारलं, "वही भिजली न्हाय ना? मग झालं." मी संत्री ठेवून निघालो.

त्याने कधी विचारलं असतं, की भाऊसाहेब, तुम्ही ती ओळ वाचली होती ना, तर मी तेव्हाच मोकळा झालो असतो. त्याने विचारलं नाही, आणि त्याबद्दलही मला त्याचा हेवा वाटला. इतकं सरळ मन या माणसाला परवडतं कसं?

पुढच्या मे महिन्यात चिठ्ठ्या निघाल्या. माझी परवानगी कोणी मागितली नाही. मालतीबाईंच्या दुरुस्त केलेल्या घराच्या ओटीवर दामू सांगायचा आणि बाई लिहायच्या.

"'मोतीला हाक मारा' हे काढू का रे? कुत्रं गेलं ना वादळात."

"नवीन आनलंय त्यांनी. नावही मोतीच ठेवलंय. ऱ्हाऊ द्या."

मी एकदा तिथून जात होतो. बाईंनी हाक मारली, "या भाऊसाहेब, तुमचंही अक्षर बरं आहे." मी काम आहे म्हणालो. काम नव्हतं. आता गावातल्या प्रत्येक कॅलेंडरच्या पाठीला पेन्सिलीने लिहिलेला एक कागद आहे. जानेवारीत कॅलेंडर बदललं की तो जुन्याच्या पाठीवरून नव्याच्या पाठीवर जातो, आणि त्या निमित्ताने बायका ओट्यावर बसून कोण गेलं, कोण आलं, कोणाचा दोर कुजला हे बघून घेतात. माझे फलक वादळात उडाले. त्यातला एक बऱ्याच दिवसांनी एका गोठ्यावर झाकण म्हणून दिसला. प्लास्टिक चांगलं होतं.

या वर्षी माझी तळा तालुक्यात बदली झाली. जाण्याआधीची शेवटची ग्रामसभा. नजीरभाईंनी शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं. दामूने नेहमीप्रमाणे सतरंज्या घातल्या, डाव्या हाताने. मालतीबाई वॉकर शेजारी ठेवून पुढे खुर्चीवर. अभिनंदनाचा ठराव मलाच लिहायचा होता, 'वादळकाळात केलेल्या उल्लेखनीय कार्याबद्दल'. सूचक कोण, असं नजीरभाईंनी विचारलं, आणि मागून दामू म्हणाला, "माजं नाव लिवा."

माझा पेन थांबला. तेवढ्या ठिकाणी तो पुढे जाईना.

मी म्हणालो, "हा विषय मागे ठेवा. आधी मला बोलायचंय."

"भाऊसाहेब, सत्कार झाल्यावर बोला की," कोणीतरी म्हणालं.

"झाल्यावर बोलता येणार नाही."

मी सांगितलं. नोटीस, नियम, चावी, माणगाव. आराखड्यातला 'बंद' हा शब्द. आणि ती ओळ माझ्यासमोर लिहिली गेली होती, मी वाचली होती, हे. नजीरभाई जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "बोललात, झालं. वहीत नका लिहू हे. नोकरी आहे अजून तुमची."

मालतीबाई म्हणाल्या, "लिहू द्या त्यांना." रागाने नाही. फळ्याजवळ उभ्या राहिलेल्या मुलाला थोडा वेळ देतात तसं.

दामू उठून पुढे आला होता. "बसा, भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला. "लोकान्ला घरी जायचंय."

मी बसलो, इतिवृत्ताची वही ओढली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर उभा राहिलो आणि त्याच्याकडे बघून वाचून दाखवलं. आठ वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच तसं संबोधत होतो :

"दामोदरदादा, तुमची वही मी सांभाळायला म्हणून कुलपात ठेवली नव्हती. गावाने तुमच्याकडे जाऊ नये म्हणून ठेवली होती. मालतीबाई दोन रात्री लाकडाखाली होत्या त्या वादळामुळे नाही, माझ्यामुळे. तुमचा खांदा बरा असता तर तुम्ही गेला असता; वही हाती असती तर कोणीही गेलं असतं. मला तुमचा हेवा वाटत होता. आज हे वाचतानाही वाटतो आहे. तुम्ही आणि बाई, दोघांची मी माफी मागतो. कपाटाची चावी या वहीवर ठेवली आहे. ती यापुढे गावातच राहू द्या."